पुढच्या वर्षी जा

आई गेली त्यानंतरच्या पावसाळ्यात आम्ही वरची खोली भाड्यानं द्यायचं ठरवलं. हर्सूलला आमचं साधं दोन मजली घर आहे. खाली बाबा आणि मी, वर एक खोली, मोरी आणि पुढं गच्ची. बाबा पोस्टमन होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मी फुलंब्रीजवळच्या एका शाळेत शिकवते. सकाळी निघते ती दुपारी चार-साडेचारला घरी येते. तोवर बाबा घरात एकटेच असत. वर कुणीतरी असावं, पावलं वाजावीत, एवढंच आम्हाला हवं होतं.

विद्यापीठात पाली शिकवणारे एक सर बाबांच्या ओळखीचे होते. ते म्हणाले, "म्यानमारची एक मुलगी एम.ए.ला आलीय. होस्टेलचं जेवण तिला सोसत नाही. तुमच्याकडं ठेवता का?"

"म्यानमार म्हणजे ब्रह्मदेशच ना?" बाबांनी विचारलं आणि सर हो म्हणायच्या आत खोलीची चावी काढून पुसायला घेतली.

ती आली तेव्हा तिच्याकडं एकच बॅग होती. तेवीस वर्षांची, बुटकी, गालांवर कसल्याशा झाडाच्या सालीचा पिवळट लेप. आमच्या बाहेरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती आहे आणि शेजारी बाबासाहेबांचा फोटो. तिनं चपला काढल्या, गुडघ्यांवर बसली, तीनदा कपाळ जमिनीला टेकवलं आणि त्रिशरण म्हणायला लागली. आम्ही दोघं दारात उभे होतो. शब्द ओळखीचे वाटत होते आणि वाटतही नव्हते. 'सरणं'चं ती 'थरणं' म्हणत होती.

बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "चुकतंय गं तिचं."

"त्यांच्याकडं तसंच म्हणत असतील."

"आसं कसं? पाली तर एकच हाय ना."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला हे विचारलंच. ती तोडक्या हिंदीत म्हणाली, "बाबा, हमारे गाँव में सब बोलेंगे, आप का गलत है." बाबा खूप वेळ हसले. आई गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

तिची भाषा बाबांकडूनच तयार झाली. मी शाळेत, ती दुपारी कॉलेजातून आली की बाबांच्या खुर्चीपाशी जिन्याच्या पायरीवर बसायची. त्यामुळं पुस्तकातलं मराठी तिला कधी आलंच नाही. 'लई ऊन हाय', 'नाय, मला नगं', 'व्हय बाबा', हे सगळं ती आपल्या गोल गोल आवाजात म्हणायची. मला ताई म्हणायची, बाबांना बाबा.

एकदा रविवारच्या बाजारातून मी अंबाडीची जुडी आणली. ती ओट्याशी आली, एक पान तोडून तोंडात टाकलं आणि तिथंच खाली बसली. मला वाटलं हिला चक्कर आली. तिनं मोबाईलवर तिच्या आईचा फोटो दाखवला. आई परसात उभी, हातात अंबाडीचीच जुडी. त्यांच्याकडं ही भाजी घरोघरी खातात. "मला वाटलं, इंडियात नसते," ती म्हणाली. त्या दिवशी भाजी तिनं केली, सुकी मासळी आणि भरपूर लसूण घालून. घरभर वास सुटला. बाबांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

आमच्या घरी दिवाळी नसते. आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून आमच्या दारावर आकाशकंदील लागलेला नाही. लहानपणी त्या चार दिवसांत मी खिडकीत बसून गल्लीतल्या इतर घरांच्या पणत्या मोजायची. बाबा ह्या बाबतीत फार कडक. दिवा म्हणजे बुद्धासमोरची मेणबत्ती, बाकी काही नाही.

आश्विन पौर्णिमेच्या दुपारी ती मेणबत्त्यांचे पुडे घेऊन आली. त्यांच्याकडं भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपतो त्या पौर्णिमेला घराच्या कठड्यावर, अंगणात, झाडाखाली दिवे लावतात. बुद्ध स्वर्गात आईला धम्म सांगून परत आले, म्हणून त्यांच्या वाटेवर उजेड करायचा. संध्याकाळी तिनं गच्चीचा कठडा भरून मेणबत्त्या लावल्या. समोरच्या काकूंनी हाक मारली, "काय हो भाऊ, यंदा तुमच्याकडं दिवाळी? तीपण आमच्या आधी?"

बाबांचा चेहरा उतरला. ते जिना चढून वर गेले. मी मागोमाग गेले, मला वाटलं आता हे विझवायला सांगतात. ते कठड्यापाशी थांबले. ती वाकून शेवटची मेणबत्ती चिकटवत होती. तिनं विचारलं, "बाबा, तुमची आई आहे?"

"नाय. जाऊन लई दिवस झाले."

तिनं एक मेणबत्ती त्यांच्या हातात दिली. ते ती धरून उभे राहिले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुझ्या आईसाठी पण एक आण." समोरच्या काकूंना त्यांनी गच्चीवरूनच ओरडून सांगितलं, "दिवाळी नाय वैनी, पौर्णिमा हाय आमची!"

पुढं काही दिवसांनी दिवाळी आली तेव्हा गल्ली उजळली आणि आमचं घर नेहमीसारखं अंधारात राहिलं. ती समजून गेली होती.

आता जे सांगायचं आहे ते पुढच्या एप्रिलचं.

त्यांचं नववर्ष एप्रिलच्या मध्यात येतं, आपल्या भीमजयंतीच्या आगेमागेच. चार दिवस सगळा देश एकमेकांवर पाणी टाकतो. ती मार्चपासून त्याच गोष्टी सांगत होती. तिला घरी जायचं होतं. तिकडं तेव्हाही लष्कराचं राज्य होतं, मारामाऱ्या चालू होत्या. त्यातच तरुण मुला-मुलींना सक्तीनं सैन्यात घेणार असं जाहीर झालेलं. तिचा धाकटा भाऊ त्याच भीतीनं सीमा ओलांडून थायलंडला जायच्या तयारीत होता. तो गेला की आई गावात एकटी राहणार होती. आई फोनवर म्हणाली होती, सणाला तरी ये.

एका संध्याकाळी मी वह्या तपासत बसले होते. ती समोर येऊन बसली. म्हणाली, "ताई, काय करू? जाऊ का?"

मी पेन खाली ठेवलं नाही. म्हणाले, "गेलीस आणि परत येऊ दिलं नाही तर? तुझं एक वर्ष बाकी आहे."

"आईपण तेच घाबरते. पण ये पण म्हणते."

"मग पुढच्या वर्षी जा. परीक्षा झाली की निवांत जा. ह्या वर्षी आपली जयंती बघ. असली जयंती तुला कुठं बघायला मिळणार नाही."

मी जे बोलले ते खोटं नव्हतं. धोका होताच. पण मी ते त्यासाठी बोलले नव्हते. आदल्या वर्षी, आई जाऊन दोनच महिने झालेले असताना, जयंतीला मी आणि बाबा मिरवणूक न बघताच घरात बसून होतो. बायका पांढऱ्या साड्या नेसून विहाराकडं जात होत्या, आणि आईची साडी घडी घालून कपाटात होती. तसला दिवस मला पुन्हा नको होता. घरात ही असली की बाबा बोलतात, मी स्वयंपाक करते, एवढं मला कळत होतं. म्हणून मी म्हणाले, पुढच्या वर्षी जा.

तिनं माझ्या वह्यांचा ढीग सरळ केला. मग म्हणाली, "व्हय ताई. पुढच्या वर्षी."

त्या वर्षीची जयंती आमच्या घरात खरंच झाली. मी तिला आईची पांढरी साडी नेसवली. ती मिरवणुकीत नाचली, निळा गुलाल केसांत घेऊन आली, पायांना फोड आले तरी हसत होती. गल्लीतल्या पोरी तिच्याबरोबर फोटो काढायला भांडत होत्या.

आणि तिचं नववर्षही तिनं केलं. आमच्याकडं नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. तिला पहिल्या महिन्यातच कळलं होतं की इथं पाणी उडवणारा माणूस शिव्या खातो. तिनं फक्त एक तांब्या पाणी घेतलं. शेजारच्या दवाखान्याच्या आवारात जांभळाचं झाड आहे, त्याची डहाळी मागून आणली, ती बुडवून आमच्या खांद्यांवर पाणी शिंपडलं. मग म्हणाली, "आता बाबांचं डोकं."

त्यांच्याकडं नववर्षाला घरातली तरुण मुलं म्हाताऱ्यांची डोकी धुतात. शिकेकाईनंच धुतात, हे ऐकून आम्हाला नवल वाटलं. बाबा लाजले. "माझ्या डोक्यावर धुवायला हाय तरी काय?" असं म्हणत मोरीपाशी स्टुलावर बसले. तिनं रात्रभर भिजवलेली शिकेकाई कुस्करून हळूहळू लावली, कानामागं, मानेवर. बाबांनी डोळे मिटले होते. तिनं व्हिडिओ कॉल लावून फोन खिडकीत टेकवून ठेवला होता. पलीकडं तिची आई बघत होती. आई काहीतरी म्हणाली. मी विचारलं, काय म्हणतायत?

"म्हणते, नीट धू. मग म्हणाली, माझं डोकं ह्या वर्षी राहिलं."

मी हसले. तेव्हा मी हसले, हे मला आठवतं.

पुढचं वर्ष भराभर गेलं. भाऊ थायलंडला पोचला. आश्विनात पुन्हा गच्चीवर दिवे लागले, ह्या वेळी बाबांनीच मेणबत्त्या आणल्या. मार्चमध्ये ती परीक्षेच्या तयारीत होती. तिकिटाचं बघत होती. ह्या वेळी ती जाणारच होती. सण गाठता येत नव्हता, पण मे संपायच्या आत आईकडं पोचू असं म्हणत होती. आईसाठी तिनं गुलमंडीवरून एक हिमरूची शाल घेतली होती.

तो शुक्रवार होता. मार्चचे शेवटचे दिवस. शाळा सुटत होती तेवढ्यात बाबांचा फोन आला. "ती जिन्यावर बसलीय. बोलत नाय. तिकडं भूकंप झालाय म्हनं. तू ये."

मी आले तेव्हा ती त्याच पायरीवर होती. मोबाईल कानाला, लागत नव्हता, पुन्हा लावत होती. टीव्हीवर पडलेल्या इमारती दाखवत होते. ती टीव्हीकडं बघतच नव्हती. मी पाणी दिलं, तिनं घेतलं आणि तसंच धरून बसली. बाबा तिच्याशेजारी पायरीवर बसले. त्यांना खाली बसायला त्रास होतो, तरी बसले.

तीन दिवस काही कळलं नाही. चौथ्या दिवशी गावातल्या एका शेजारणीचा फोन भावाला लागला आणि भावाचा हिला. आई त्या दुपारी गावच्या विहारात झाडलोट करायला गेली होती, चार-पाच म्हाताऱ्या बायकांबरोबर. छत खाली आलं. दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं आणि लगेच सगळ्यांना एकत्र अग्नी दिला. थांबायला कुणी नव्हतं. घरचं म्हणावं असं तिथं एकही माणूस नव्हतं.

हे तिनं आम्हाला नीट, क्रमानं सांगितलं, रडता रडता थांबून. मग म्हणाली, "बाबा, मी तिकडं जाऊ शकत नाही. गेले तर मला सैन्यात धरतील. आईसाठी तरी गेले असते. आणि आता कुणाकडं जाऊ?"

बाबांनी विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला. वस्तीतल्या बायका आल्या. त्यातल्या निम्म्यांना म्यानमार कुठं आहे हे माहीत नव्हतं. समोरच्या काकूसुद्धा आल्या, डोक्यावर पदर घेऊन मागं बसल्या. तिच्या आईचा फोटो ठेवला होता, तोच परसातला. भंतेजींनी वंदना सुरू केली. आम्ही सगळ्या म्हणत होतो आणि आमच्यामध्ये तिचा वेगळा उच्चार ऐकू येत होता. थोड्या वेळानं पुढची एक म्हातारी म्हणायची थांबली, मग दुसरी थांबली. शेवटच्या ओळी ती एकटीच म्हणत होती. बाबांचे ओठ मात्र हलत होते. ते तिच्यासारखं म्हणायचा प्रयत्न करत होते.

त्यानंतर ती खाली कमी यायला लागली. मी ताट वर नेऊन द्यायची. ती "थँक्यू ताई" म्हणायची, इंग्रजीत, पहिल्या दिवसांसारखं. ताट धुऊन जिन्यात ठेवलेलं असायचं. मी कारण विचारलं नाही. मला कारण माहीत होतं. आणि तिनं ते बोलून दाखवावं ह्याची मला भीती वाटत होती.

जयंती आली. आदल्या दिवशी मी बघितलं, बाबांनी खालच्या मोरीत पातेल्यात शिकेकाई भिजत घातली होती. मी म्हणाले, "बाबा, हे कशाला?"

"तिचं नवं वरीस हाय ना. तिला वाटलं तर."

सकाळी ते स्टूल टाकून बसले. खांद्यावर टॉवेल. ती अंघोळीचं पाणी न्यायला खाली आली, तिनं पातेलं बघितलं, बाबांकडं बघितलं. बादली तिथंच ठेवून वर गेली. दार लावल्याचा आवाज आला. बाबा अकरापर्यंत बसून राहिले. संध्याकाळी गल्लीतून मिरवणूक गेली, डीजेनं खिडक्यांच्या काचा थरथरल्या, पोरं वर बघून तिला हाका मारत होती. कुणी बाहेर आलं नाही. बाबांनी शिकेकाईचं पाणी जास्वंदीला घातलं आणि न जेवता झोपले.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात परीक्षा संपली. भावानं तिला थायलंडला, सीमेवरच्या एका गावात, बोलावलं होतं. निघायच्या आदल्या दुपारी मी वर गेले. ती बॅग भरत होती. हिमरूची शाल पलंगावर तशीच घडी घातलेली.

मी दारात उभी राहून म्हणाले, "मला तुझ्याशी बोलायचंय. गेल्या वर्षी मी तुला थांबवलं. मी तुझ्या काळजीनं म्हणाले असं तुला वाटलं असेल. तसं नव्हतं. मला घरात एकटं राहायचं नव्हतं, म्हणून मी तुला जाऊ दिलं नाही."

ती बॅगेपाशी खाली बसली. बाहेर भंगारवाल्याचा गाडा गेला.

"माहीत आहे," ती म्हणाली. "तेव्हाच माहीत होतं ताई. तुम्ही पेन ठेवलं नाही, वर बघितलं नाही. मला समजलं, ताईला मी पाहिजे. मला बरं वाटलं. कुणाला तरी मी पाहिजे."

तिनं बॅगेची चेन ओढली, पुन्हा उघडली.

"पण नंतर मला लई राग आला. तुमचं जेवण खात होते आणि राग येत होता. बाबांचा पण आला. त्या दिवशी ते स्टूलवर बसले, मला वाटलं, हे जिवंत आहेत आणि माझी आई नाही. असं वाटलं मला. मग मला माझाच राग आला."

"अजून आहे?"

तिनं मान हलवली. हो की नाही, मला कळलं नाही. मग ती म्हणाली, "थोडा आहे. जाईल. पण ताई, आता पुन्हा विचारू नका."

मी तिच्याशेजारी बसले आणि बॅगेत कपडे घालायला लागले. शाल तिनं माझ्या हातात दिली नाही, स्वतःच सगळ्यात खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी मुंबईच्या सकाळच्या गाडीत आम्ही तिला बसवलं. फलाटावर तिनं बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं, तीनदा, गुडघ्यांवर बसून, लोक बघत होते तरी. बाबा म्हणत होते, "ऊठ गं, ऊठ, गाडी हालंल." मला ती मिठी मारेल असं वाटलं होतं. तिनं माझा हात हातात घेतला, जोरात दाबला आणि डब्यात चढली.

ती आता तिकडं निर्वासितांच्या मुलांना शिकवते. आश्विन पौर्णिमेला तिचा फोन आला होता. बाबांशीच जास्त बोलली. नदीच्या पलीकडं तिचा देश दिसतो म्हणाली, पावसात कपडे वाळत घातलेले दिसतात, माणसं दिसतात. बाबा चटकन म्हणाले, "मग ये की जाऊन एकदा." आणि लगेच माझ्याकडं बघितलं. ती म्हणाली, "नाय बाबा. जाता येत नाय." मग तिनं त्यांना औषधं घेता का विचारलं, ताई कशी आहे विचारलं. मी शेजारीच होते. बाबांनी फोन माझ्याकडं दिला. आम्ही दोघी मिनिटभर भाजीबद्दल बोललो. तिकडं अंबाडी मिळते म्हणाली.

डिसेंबरपासून तिचा फोन नाही. मेसेज पाठवला तर पोचल्याची खूण येत नाही. नंबर बदलला असेल, सिम बंद झालं असेल. त्या भागातल्या बातम्या मी आता वाचत नाही. बाबा दर रविवारी विचारतात, "तिचा काही निरोप?" मी सांगते, शाळा असते तिची, वेळ मिळत नसेल. ते 'व्हय' म्हणतात आणि पेपर उघडतात.